निळी न झालेली पट्टी

भवानी पेठ, सोलापूर
१२ मार्च १९७६

मानसिंगा,

आशीर्वाद आहेतच, ते सवडीनं घे. आधी वळसंगचं ऐक.

तुझ्या कुंडलिकदादाच्या विहिरीवरच्या हाळावर, गुरांच्या पाण्याच्या टाकीवर, सोमवारी धुळा मेंढपाळाची मेंढरं पाणी प्यायली आणि ओढा ओलांडायच्या आत पडायला लागली. निम्मा कळप गेला. धुळा म्हणतो, आदल्या दिवशी कुंडलिकनं वांग्यांवर फवारणी केली आणि पंप हाळात धुतला. कुंडलिक म्हणतो, पंप मी लांब बांधावर धुतला, हाळाकडं फिरकलोसुद्धा नाही. बघणारं कोणी नाही. दरवर्षी याच धुळाची मेंढरं खतासाठी कुंडलिकच्या रानात बसायची. आज दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

मी काल जाऊन आलो. एस.टी.तून उतरलो आणि चहाच्या टपरीवर गर्दीकडं पाठ करून बसलो. माझे कान तुला ठाऊक आहेत. एक जण म्हणाला, "कुंडलिकचं आन धुळ्याचं आतून कायतरी आसणार." दुसरा म्हणाला, "नव्हतं तर आता झालं की." तिसरा बशीत फुंकर घालत म्हणाला, "त्येचा भाऊ पुण्यात औषदं करतोय म्हनं. त्यानंच धाडलं आसंल कायतरी नवं." म्हणजे बघ, तूही आत आलास.

धुळानं एक शहाणपण केलं. त्याच दिवशी हाळातलं पाणी चिनी मातीच्या बरणीत भरलं, तोंड फडक्यानं बांधलं आणि बरणी बिरोबाच्या देवळात ठेवली. तिला हात लावायची कोणाची छाती नाही. अठ्ठावीस तारखेला, रविवारी, देवळासमोर पंच बसणार. दोष लागला तर कुंडलिकची बैलजोडी धुळाच्या दावणीला जाणार, आणि कुंडलिकला गावात राहणं मुश्किल.

दिवाळीत तू बोलला होतास की पाण्यात फवारणीचं विष आहे का नाही ते सांगणारी पट्टी तू करतोयस. ती पाठव. माझी बहीण, तुझी आई बजा, आज असती तर तिनंच तुला हे लिहायला लावलं असतं, म्हणून तिच्यातर्फेही लिहितो.

तुझा रावजीमामा


पुणे
१६ मार्च १९७६

मामा,

पत्र वाचलं आणि ताटावरून उठलो. दादा पंप हाळात धुणार नाही. हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक, पण पंचांना आपला शब्द कसा पुरणार?

पट्टीचं खरं सांगतो. दिवाळीत मी फुशारकी मारली. तेव्हा एकही पट्टी चालत नव्हती.

पट्टी म्हणजे कापड नाही, पातळ पापुद्रा आहे. पण जात कापसाचीच, सेल्युलोजची. त्याच्यावर घोड्याच्या रक्तातून काढलेलं एक एन्झाइम बसवायचं. एन्झाइम म्हणजे एक कामगार समजा. त्याच्यापुढे एक ठरावीक औषध ठेवलं की तो त्याची नीळ करून दाखवतो, अगदी तुमच्या पिंपातली नीळ. फवारणीचं विष नेमके याच कामगाराचे हात बांधून टाकतं. म्हणून पट्टी आधी पाण्यात बुडवायची, मग तिच्यावर त्या औषधाचे थेंब टाकायचे. निळी झाली तर पाणी चांगलं. पांढरीच राहिली तर विष.

अडचण अशी की कामगाराला पापुद्र्याला बांधायचं, पण त्याचे हात मोकळे ठेवायचे. घट्ट बांधला तर मरतो. सैल बांधला तर पहिल्याच पाण्यात वाहून जातो. वर्षभर मी हेच केलं, एक तर मेलेले बांधले नाहीतर जिवंत घालवले. मग मला तुमचे ते गार पाण्यात सुताला बसणारे रंग आठवले. सुट्टीत तुमच्या डायिंगमध्ये कारागीर निंगप्पाबरोबर सुताच्या लडी बुडवायचो ना, चूल न पेटवता, नुसत्या धुण्याच्या सोड्यावर. त्या रंगाच्या अंगात सुताला धरणारा जो आकडा असतो, तोच मी आधी पापुद्र्याला लावला. मग सोडा अगदी कमी करून, सगळं बर्फात ठेवून, एन्झाइम त्यात अडकवलं. काल पहिल्यांदा एक तुकडा निळा झाला. तो आठवड्यानंतरही निळा होईल का, हे मलाच माहीत नाही.

शिवाय ते एन्झाइम परदेशातून येतं आणि आमच्या प्रयोगशाळेत सरांच्या कुलपात असतं. त्यातलं काही बाहेर द्यायचं नाही असा त्यांचा दंडक आहे. मला थोडा विचार करू द्या.

मानसिंग


भवानी पेठ
२० मार्च १९७६

मानसिंगा,

कामगाराची गोष्ट निंगप्पाला वाचून दाखवली. तो म्हणाला, "मालक, आमालाबी आसंच बांधलंय की, हात तेवढे मोकळे." आम्ही दोघंही हसलो. या आठवड्यातलं हसू तेवढंच.

विचार करायला मागतोस, तर ऐक. कुंडलिकनं काल बिरोबाच्या पायरीवर हात ठेवून सगळ्यांसमोर सांगितलं, "माजा मानसिंग पट्टी धाडतोय. ती सांगंल ते मला मान्य. ती पांढरी ऱ्हायली तर बैल मी सोताच्या हातानं सोडतो." मी बाजूला उभा होतो. त्याच्या पाठीत कोपर मारलं, पण तोवर बोलून मोकळा झाला होता. धुळा म्हणाला, "मलाबी मान्य. शिकल्यालं पोरगं हाय, खोटं करायचं न्हाय." विरोधी माणसानंसुद्धा तुझ्यावर भरवसा टाकला, आणि तू कुलपाचं सांगतोस.

तुझी वहिनी कस्तुराबाई सांगत होती, की कुंडलिक रात्रीचा उठून हाळाकडं जाऊन बसतो. वहिनीला धीर दे म्हणून तुला लिहीत नाही, ती खंबीर आहे. माझं काळीज त्याच्यासाठी तुटतं.

तुझ्या सरांची माफी मागायला मी स्वतः येईन, चादरींची जोडी घेऊन. पट्टी रविवारच्या आत इथं पाहिजे.

रावजीमामा


पुणे
२४ मार्च १९७६

मामा,

सर दिल्लीला गेले आहेत. कुलपाची किल्ली माझ्याकडे असते. पुढचं विचारू नका.

कंडक्टरबरोबर डबा पाठवतोय. आत ओल्या पट्ट्या आहेत, मोजक्याच. जिवंत तेवढ्याच निघाल्या. त्यांना वाळू देऊ नका. छोट्या काळ्या बाटलीत नीळ होणारं औषध आहे.

बनवताना घाई झाली. पापुद्र्यावर नीट न बसलेलं बरंचसं एन्झाइम अजून वरवर चिकटून आहे. ते तसंच राहिलं तर पाण्यात उतरेल आणि निकालाचा घोटाळा होईल. म्हणून शनिवारी, वापरण्याआधी, तुमच्या भाषेत सांगायचं तर, पट्ट्यांवरचं सुटं काढून घ्या. ते काम तुमच्याइतकं चांगलं सोलापुरात कोण करणार?

बरणीतलं थोडं पाणी बाटलीत भरून मलाही पाठवा. इथं माझ्या हातानं बघतो.

दादाला सांगा, मी आहे.

मानसिंग


भवानी पेठ
२९ मार्च १९७६

मानसिंगा,

पांढरी.

एकामागून एक सगळ्या बुडवल्या. मी थेंब टाकत होतो, पंच वाकून बघत होते, पोरं झाडावर चढली होती. पहिली पांढरी राहिली तेव्हा मी म्हटलं, थांबा, नीळ वाऱ्यावर उमलते, जरा दम धरा. वाळून कोरडी झाली तरी पांढरीच. मग दुसरी, मग तिसरी. धुळानं डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि मेलेल्या मेंढरांसाठी रडला.

आमच्याकडून कसूर झाली नाही. तू लिहिलंस तसं शनिवारी मी स्वतः उभा राहून सुटं काढून घेतलं. निंगप्पानं साबणाची चांगली खळखळती उकळी केली, त्यात पट्ट्या घालून वर-खाली केल्या, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. भारी चादरीच्या सुतालाही एवढं जपत नाही.

आता कुंडलिकचं ऐक, आणि बसून ऐक. पंचांनी विचारलं, "बोल, तुजं काय म्हननं?" मला वाटलं म्हणेल, मी केलं नाही. तो उठला आणि म्हणाला, "मी बांदावरच धुतला आसं मला वाटतंय. पर मानसिंगची पट्टी खोटं बोलायची न्हाय. मग माज्याच हातनं कुटंतरी सांडलं आसंल. पंप खांद्यावर घिऊन हाळावरनंच गेलो आसंन. माजी चूक." मानसिंगा, न केलेलं पाप त्यानं तुझ्या शब्दावर आठवून काढलं. मी ओरडलो, "आरं, आठवत न्हाय तर कबूल कशाला करतोस?" तर माझ्याकडं बघून म्हणाला, "मामा, तेवढं शिकलाय त्यो."

येत्या सोमवारी बैल सोडायचं ठरलंय. तो जेवत नाही. निघताना कस्तुराबाईनं फवारणीच्या औषधाची बाटली गुपचूप माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाली, "मामा, ही सोलापूरला घिऊन जावा. घरात नगं." काय समजायचं ते समज.

बरणीतलं पाणी मागितलं होतंस, पाठवतो आहे. आता त्याचा उपयोग काय?

रावजीमामा


पुणे
२ एप्रिल १९७६

मामा,

तुमच्या पत्रातल्या उकळीच्या ओळीवर मी थांबलो, पुढचं वाचायला वेळ लागला.

मामा, उकळीत एन्झाइम मरतं. अंडं उकडलं की त्यातून पिल्लू निघत नाही, तसं. सुटं काढा असं लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे मिठाचं गार पाणी होतं. आम्ही इथं तसंच काढतो. तुमची भाषा वापरली ती तुम्हाला आपलं वाटावं म्हणून, आणि तुमच्या डायिंगमध्ये सुटं काढणं म्हणजे साबणाची उकळी, हे मला, निंगप्पाच्या हाताखाली लडी उकळलेल्या माणसाला, सुचलं नाही. पापुद्र्याला सगळे कामगार बांधलेले होते, पक्के. फक्त मेलेले. ते विषातही पांढरे राहिले असते आणि दुधातही.

दुसरी चूक पूर्ण माझी. पहिली पट्टी साध्या चांगल्या पाण्यात बुडवून बघा, एवढं मी लिहायला हवं होतं. ती पांढरी राहिली असती की तुम्हाला तिथंच कळलं असतं. आम्ही इथं ते न सांगता करतो, म्हणून लिहायचं राहिलं.

बरणीचं पाणी आलं. काल नवी पट्टी करून त्यात बुडवली. मामा, निळी झाली. साध्या पाण्यातली आणि बरणीतली शेजारी ठेवली तर कुठली कुठली ते मला सांगता येईना. मुद्दाम विष टाकलेल्या पाण्यातली तेवढी पांढरी राहिली. हाळात फवारणीचं औषध नव्हतं. दादानं काही केलेलं नाही. मेंढरं कशानं मेली ते माझी पट्टी सांगू शकत नाही.

थर्मासमध्ये बर्फावर नव्या पट्ट्या पाठवतोय. काढायचं काही नाही, धुवायचं काही नाही, तशाच वापरा. साधं पाणी, विषाचं पाणी, बरणीचं पाणी, या क्रमानं. सोमवारच्या आत.

मी येऊ शकत नाही. आज सकाळी सर परत आले, एन्झाइम कमी भरलं, मी खरं ते सांगितलं. आठवडाभर कुठंही जायचं नाही, मग निर्णय होईल, असं म्हणाले. आत्ता गेलो तर माझं काम इथंच संपेल.

दादाला तुम्ही सांगा. तुमचं तो ऐकेल.

मानसिंग


भवानी पेठ
५ एप्रिल १९७६

मानसिंगा,

तुझं पत्र मी निंगप्पाला वाचून दाखवलं. मग तो म्हणाला, "मालक, मी तर लईच घासून काडलं वो." त्याला म्हटलं, तू मालकाचं ऐकलंस. चूल पेटव म्हणणारा मीच.

काल रविवारी थर्मास मांडीवर घेऊन वळसंगला गेलो. पंच जमवले, बरणी देवळाबाहेर आणवली. आधी उकळीची गोष्ट कबूल केली. कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं. मग तू म्हणालास त्या क्रमानं. साधं पाणी, निळी. कस्तुराबाईनं दिलेल्या बाटलीतला थेंब कळशीत टाकून ते पाणी, पांढरी. मग बरणीचं. सगळे वाकले. आधी कडेनं, मग मधोमध, चांगली गडद निळी.

धुळा उठला. "गेल्या आयतवारी पांढरी, आज निळी. दोनीबी तुमच्याच. मी कुटली खरी धरू?"

माणूस बरोबर बोलत होता.

तेवढ्यात कस्तुराबाई बायकांतून पुढं आली. पदर खोचला, बरणीतलं पाणी लोट्यात घेतलं आणि तोंडाला लावलं. आणि मानसिंगा, कुंडलिक वाघासारखा झेपावला आणि तिच्या हातातला लोटा उडवला. पाणी सगळं मातीत. लोकांत एकदम कुजबुज, "बगा, त्याला सोताला ठावं हाय इख हाय म्हणून." मला वाटलं, बुडालं सगळं, आता कोण वाचवणार याला.

कस्तुराबाई नवऱ्याला म्हणाली, "सरा तिकडं." बरणीच दोन्ही हातांनी उचलली आणि घटाघट प्यायली. महिन्याचं, शेवाळाचा वास मारणारं पाणी. तोंड पुसून पायरीवर बसली. म्हणाली, "बसा आता समदे. मी मेले की उठा."

बसलो. कोणी घरी गेलं नाही. ऊन डोक्यावर आलं, ती मधूनच बायकांशी बोलत होती, एकीला वांग्याच्या भाजीत कूट किती घालतेस विचारत होती. कुंडलिक तिच्यासमोर उकिडवा बसून तिच्या तोंडाकडं बघत होता. मी माणसं पुष्कळ बघितली, पण असं बघणारा बघितला नाही.

ऊन कललं तेव्हा धुळाची बायको निंगव्वा नवऱ्याला मोठ्यानं म्हणाली, "त्या दिवशी पाण्यावर यायच्या आदी कापल्याल्या जोंधळ्याच्या फुटव्यात मेंढरं घातलीवती का न्हाय तू? सांग की." धुळा म्हणाला, "सुम्म कुंद्रु." गप बस म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. कोवळे फुटवे खाऊन मेंढरं मरतात हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. निंगव्वा उठली, बरणीत तळाला उरलेलं पाणी स्वतः प्यायली आणि कस्तुराबाईच्या शेजारी जाऊन बसली. धुळानं मुंडासं बांधलं. जाताना कुंडलिकपाशी थांबला. "बैल ऱ्हाऊ देत तुज्यापाशी," एवढंच म्हणाला. आज सोमवार, बैल दावणीलाच आहेत.

हे सगळं चांगलं झालं असं तुला वाटेल. मलाही वाटलं. म्हणून मुक्कामाला राहिलो.

सकाळी कस्तुराबाईनं कुंडलिकला पाण्याचा तांब्या दिला. तो म्हणाला, "कुटलं हाय?" आपल्या विहिरीचं म्हटल्यावर तांब्या खाली ठेवला. ती गावच्या आडाचं घेऊन आली, ते प्यायला. भाकरीला हात लावला नाही, पीठ विहिरीच्या पाण्यात मळलं म्हणून. मी त्याला पुन्हा समजावलं, अंडं, पिल्लू, उकळी, सगळं. मान हलवत ऐकून घेतलं. थर्मासमध्ये एक पट्टी उरली होती, ती त्याच्यासमोर त्याच्याच विहिरीच्या पाण्यात बुडवली. निळीशार झाली. म्हटलं, आता तरी?

तो माझ्या हातांकडं बघत राहिला. चाळीस वर्षांचा रंग माझ्या नखांतून निघत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणाला, "मामा, तुमी रंगारी. तुमच्या हातात कशालाबी निळं चडतंय. त्या दिवशीची पट्टी मानसिंगची होती."

मी उठलो. बाहेर येऊन कस्तुराबाईला विचारलं, की ती एवढं पाणी प्यायली, ते तरी तो मानतो का? ती म्हणाली, "मानतो की. म्हणतो, तुला कायबी झालं न्हाय ती बिरोबाची किरपा."

तुझ्या सरांचं काय व्हायचं ते मला माहीत नाही. तुझ्या शिक्षणाची किंमत मला कमी वाटते असं समजू नकोस. मी रंगाच्या डब्यांवरची नावं वाचत अक्षर शिकलो. पण कुंडलिक उन्हात नांगर धरतो आणि स्वतःच्या विहिरीचं पाणी पीत नाही. आडापर्यंत चालायची ताकद आहे तोवर तग धरील.

कापडाचं, पापुद्र्याचं, बर्फाचं काय काय लागतं ते घेऊन ये. नसेल तर रिकाम्या हातानं ये. शुक्रवारच्या गाडीला मी सोलापूर स्टेशनवर उभा आहे, तिथून थेट वळसंगची एस.टी. आहे.

रावजीमामा